फुटलेल्या आवाजांची रांग

प्रभाकर,

पेपरात तुझ्या फोटोखाली 'सूरसाधक' असं छापून आलंय. हे कोणी लिहून दिलं ते मला माहीत आहे, पण तुला सांगत नाही, नाहीतर तू वरूनही त्याच्याशी भांडायला येशील. शैलावहिनींनी ते कात्रण कपाटाच्या काचेला लावलंय. मी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊ, वाचलं का? चांगलं लिहिलंय ना?" मी म्हटलं, चांगलं आहे. साधक म्हणे! पेटीचा भाता उघडा टाकून चहाला पळणारा माणूस तू. घरी रियाज कधी करतोस असं मी विचारलं की "शाळेत पोरांसोबत होतो तेवढा पुरे" म्हणायचास आणि माझ्या डब्यातल्या ठेच्यावर हात मारायचास.

आता पाहुणे गेले. तुझा मुलगा पुण्याला कामावर परतला. वहिनींची बहीण तेवढी थांबली आहे. लोकांच्या गर्दीत मला तुझ्याशी काही बोलता आलं नाही, आणि बोलायचं तर बरंच राहिलंय. आपलं भांडण अर्ध्यावर आहे. ते असं मध्येच टाकून तू निघून जाशील असं वाटलं नव्हतं. रडीचा डाव खेळलास तू.

आपण दोघं एकाच जूनमध्ये या शाळेत लागलो. तू संगीत, मी गणित. अमळनेरहून सकाळची एसटी, गाव येईपर्यंत दोन्ही बाजूंना कपाशी, आणि तू खिडकीशी बसून समोरच्या सीटच्या पाठीवर बोटांनी ठेका धरणार. पुढचा माणूस त्रासून मागे वळला की तू निमूटपणे माझ्याकडे बोट दाखवायचास. तेव्हाच्या हेडसरांनी तुझा तास मधल्या सुट्टीनंतर लावला, कारण जेवून आलेल्या पोरांच्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही असं त्यांचं मत होतं. तू ते हसत मान्य केलंस. राग मला आला. तुझ्या विषयाचा अपमान झालेला तुला कधी कळतच नसे, आणि तुझ्या वतीनं मलाच चिडावं लागे. पुढे सगळी वर्षं हेच चाललं.

आठवीतला तो उंच, लाजरा मुलगा आठवतो? सातवीपर्यंत परिपाठाला पुढे उभा राहून प्रार्थना सांगायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचा आवाज फुटला. जूनमध्ये आला तो थेट तुझ्या खोलीच्या दारात उभा राहिला, आत येईना. मी माझी वही राहिली होती म्हणून तिथे आलो होतो. तो खाली बघत म्हणाला, "सर, मना आवाज फाटी गया. माले आते नका घेऊ."

तू पेटीवरून मानही वर केली नाहीस. म्हणालास, "फाटना ते फाटू दे. मांगे उभा ऱ्हाय. एकच सूर धर."

तिथून ती रांग सुरू झाली. बाकीच्या शाळांमध्ये आठवी-नववीत मुलगे गाण्यातून आपोआप गळतात. कोणी काढत नाही त्यांना. पहिल्यांदा आवाज चिरकतो, मुली हसतात, आणि मुलगा तोंड मिटतो ते कायमचं. तू त्यांना गळू दिलं नाहीस. मागच्या भिंतीला लावून त्यांची एक रांग केलीस आणि त्यांना फक्त खालचा सा दिलास. पुढे मुली आणि लहान मुलं गायची, आणि मागे हे मिसरूड फुटलेले मुलगे तास संपेपर्यंत तो एक सूर धरून उभे. आवाज बसला की पुढे यायचं. काही जण वर्षभरात पुढे आले, काही दहावी होईपर्यंत मागेच राहिले. त्यांना त्याचं काही वाटत नसे, कारण त्यांचा सूर थांबला की पुढच्यांचं गाणं घसरायचं आणि तू पेटी बंद करून मागे बघायचास. आपल्यावाचून काहीतरी अडतं, हे त्या वयातल्या पोराला दुसरीकडे कुठे कळतं रे? घरी त्याला कामाला जुंपतात आणि शाळेत आम्ही त्याला केस कापून यायला सांगतो.

एक गोष्ट तुला मी कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू डोक्यावर बसला असतास. माझ्या तासाला नववीतले मुलगे उत्तर द्यायला उठायचे. दुसऱ्या शाळांतले गणिताचे शिक्षक भेटले की तक्रार करायचे, की नववीत गेला की मुलगा मुका होतो, येत असलं तरी सांगत नाही. आपल्याकडची पोरं चिरक्या आवाजात, मध्येच जाड, मध्येच बारीक, पण उत्तर द्यायची. चुकीचंही द्यायची. हे मी मोजलेलं नाही. असं न मोजता बोलणं माझ्या विषयाला शोभत नाही, पण माझी खात्री आहे की ते तुझ्या त्या मागच्या रांगेमुळे होतं. संगीतानं गणित सुधारतं वगैरे भाषणं मी खूप ऐकली, त्यावर माझा विश्वास नाही. आपल्या आवाजाची लाज वाटणं थोडं कमी होतं, एवढंच मी पाहिलं.

मलाही तू त्या रांगेत उभं केलंस. पावसाळ्यातला ऑफ तास होता, मी दारात उभा राहून तुझी मजा बघत होतो. तू सगळ्या वर्गासमोर म्हणालास, "सर, तुम्हीपण मांगे." पोरं खिदळली. मी म्हटलं, मला येत नाही. माझ्या लहानपणी शाळेतल्या बाईंनी मला सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून राष्ट्रगीतापासून आरतीपर्यंत मी ओठच हलवत आलो होतो. बायकोलाही हे माहीत नव्हतं. तुला कसं कळलं ते देव जाणे, बहुतेक परिपाठाला तू माझ्या शेजारी उभा राहायचास म्हणून. मी मागे जाऊन उभा राहिलो. माझ्या एका बाजूला कोळ्याचा मुलगा, दुसऱ्या बाजूला सरपंचाचा. तू सूर दिलास आणि मी तो धरायला गेलो तर भलतीकडेच गेला. कोळ्याच्या पोरानं माझ्याकडे न बघता स्वतःचा आवाज थोडा वाढवला, मला ऐकू यावा म्हणून. मी चाचपडत त्याच्याजवळ पोचलो. वाटलं की छातीतलं काहीतरी इतक्या वर्षांनी जागेवर बसलं. प्रभाकर, त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. त्या दिवशी एसटीत मी तुला म्हणालो की तुझ्या खोलीत डास फार आहेत.

मुलींचं वेगळंच होतं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, झोक्यावर बसून अख्खी गल्ली दणाणून सोडणाऱ्या पोरी तुझ्या वर्गात तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या. घरचं गाणं शाळेत चालतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तू त्यांना म्हणालास, झोक्यावरचं म्हणा. त्या एकमेकींना कोपरानं ढोसत राहिल्या आणि शेवटी एकीनं सुरू केलं. तू पेटीवर बोटं टाकून ते शोधलंस आणि फळ्यावर त्याचे सूर लिहिलेस. त्या पोरी फळ्याकडे बघतच राहिल्या. आपली आजी गाते ते फळ्यावर लिहिता येतं, ही गोष्ट त्यांनी घरी जाऊन सांगितली असणार, कारण दुसऱ्या दिवशी दोन आज्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या होत्या. तू त्यांना आत बोलावलंस. हेडसर तुझ्यावर उखडले. वर्गाला शिस्त हवी म्हणाले.

आणि तो पालक! पालकसभेत उठून सरळ म्हणाला, "सर, गाणं शिकीसन पोरगा काय लगीनमा बाजा वाजाडी का?" सगळी सभा हसली. तुझे वडील आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते हे त्यातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. तू शांतपणे म्हणालास, "वाजाडी ना. मना बापनी भी वाजाडा." मला वाटलं, आता तू बोलशील. आता सांगशील त्यांना, की हा विषय कशासाठी आहे. तू खाली बसलास आणि समोरच्या बशीतला वेफर उचललास.

इथेच आपलं भांडण होतं. तुला वाटायचं गाणं पोरांमध्ये असतंच, आपण फक्त वाट मोकळी करायची. मला वाटायचं, आणि अजून वाटतं, की काहीही आपोआप नसतं. बेरीज आपोआप येत नाही तसं गाणंही येत नाही. रोज, ठरल्या वेळी, ठरल्या खोलीत, ठरलेल्या माणसानं ते शिकवावं लागतं. नाही शिकवलं तर एका पिढीत संपतं. तुझ्या विषयावर तुझ्यापेक्षा माझा विश्वास जास्त होता, असं मी तुला म्हणालो तेव्हा तू हसून माझी पाठ थोपटलीस. मला हसण्यावारी नेलेलं आवडत नाही. विज्ञानाचा भाग राहिला, घे माझा तास. इंग्रजीची चाचणी आहे, घे माझा तास. दहावीचा वर्ग असला की तू स्वतः होऊन स्टाफरूमभर तास वाटत सुटायचास. मी कधी मागितला नाही. तुला निदान एक माणूस तरी असा हवा होता ज्याला तुझ्या तासाची किंमत होती. पण तू इतक्या सहज देत गेलास की लोकांना वाटलं, हा तास नसला तरी शाळेचं काही बिघडत नाही.

जळगावची समूहगीत स्पर्धा तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. नियम होता की मंचावर दहाच मुलं. तू अख्खा वर्ग घेऊन आलास. मागच्या रांगेसकट! एसटीत पोरं एकमेकांच्या मांडीवर बसली होती. मला वाटलं तुझ्या मनात काहीतरी असेल, तिथे गेल्यावर तू दहा निवडशील. तिथल्या बाईंनी फार नीट सांगितलं, सर, दहा मुलं निवडा, बाकीची प्रेक्षकांत बसू देत. तू म्हणालास, "मग आम्ही नाही गात." भांडलाही नाहीस. पोरांना घेऊन बाहेर पडलास, बसस्टँडवर आलास, आणि फलाटाच्या कडेला त्यांना उभं करून सगळं गाणं म्हणवून घेतलंस. चोपड्याच्या गाडीची वाट बघणारी माणसं गोळा झाली. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. एका कंडक्टरनं गाडी सोडायला उशीर केला आणि ड्रायव्हर त्याच्यावर ओरडला. पोरं इतकी खूश होती की त्यांना आपण स्पर्धेतून बाहेर पडलो हेच कळलं नव्हतं.

धरणगाव येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. मग बोललो ते सगळ्या गाडीनं ऐकलं. मी म्हटलं, दहा निवडले असतेस तर ढाल मिळाली असती. ती ढाल ऑफिसातल्या काचेच्या कपाटात लागली असती. उद्या कोणी विचारलं, संगीत कशाला, तर आपल्याला बोट दाखवायला काहीतरी असतं. तू म्हणालास, "आणि उरलेल्यांना काय सांगू? तुम्ही गाऊ नका?" मी म्हटलं, हो! गणिताच्या स्पर्धेला मी सगळा वर्ग नेतो का? तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "गणित्या, त्या पोरांना नंतर कोण कुठं गायला बोलावणारे? आजच काय ते." मी गप्प बसलो ते पटलं म्हणून नाही. ढाल हवीच होती. आजही म्हणतो, हवी होती.

कारण तू निवृत्त झालास तेव्हा तुझ्या जागेसाठी बोट दाखवायला काहीच नव्हतं. पद भरायचं नाही असं वरून आलं होतं, ते खरं. पण संस्थेचे सचिव आबा मनात आणते तर मानधनावर कोणी ठेवता आला असता. तुझ्या निरोपसमारंभात आबांनी तुला शाल घातली, तुझ्या गळ्याचं कौतुक केलं, आणि खाली उतरताना मला विचारलं, "ती खोली आता मोकळी झाली ना?" महिन्याभरात तिथे कॉम्प्युटर आले. वाईट काहीच नाही, पोरांना कॉम्प्युटरही हवेत. तुझी पेटी खेळाच्या सामानाच्या खोलीत, उंच उडीच्या गादीखाली ठेवली. मी ती गादीवर ठेवायला लावली. पुढच्या वेळी गेलो तर पुन्हा खाली.

तरीही तू येत राहिलास. पगार नाही, खोली नाही, तास नाही. नुसता परिपाठाला. सकाळी त्याच एसटीनं माझ्याबरोबर यायचास, गळ्यात पट्टा अडकवून उभ्यानं पेटी वाजवायचास, आणि पोरं प्रार्थना म्हणून वर्गात गेली की परतीच्या गाडीची वाट बघत पारावर बसायचास. मी म्हटलं, प्रभाकर, हे फुकटचं बंद कर. तू असा येतोस म्हणून त्यांना माणूस नेमावा लागत नाही. तू म्हणालास, "मी नाही आलो तर नेमतील का?" याचं उत्तर आपल्या दोघांना माहीत होतं. मग तुला जिना चढताना धाप लागायला लागली. पेटीचं वजन पेलेना. डॉक्टरांनी प्रवास बंद केला.

तू येणं थांबवण्याच्या आधी, शेवटच्या आठवड्यात, एका शिक्षिकेनं मोबाइलवर सगळ्या पोरांची प्रार्थना रेकॉर्ड केली होती. तू चाल लावलेली प्रार्थना, तुझी पेटी, पुढे मुली, मागे ती रांग. नीट ऐकलं तर मागे माझाही आवाज सापडतो. आबांनी साऊंड सिस्टीम घेऊन दिली आणि दुसऱ्या दिवसापासून परिपाठाला ते रेकॉर्डिंग लागायला लागलं. पहिले काही दिवस पोरं सोबत म्हणायची. मग सोबत कमी झाली. मोठी मुलं पास होऊन गेली, खालून नवी आली, आणि नव्यांनी असंच पाहिलं की घंटा होते, हात जोडायचे, वरून प्रार्थना येते, संपली की हात सोडायचे. आता त्या रेकॉर्डिंगमधला एकही मुलगा शाळेत नाही. कोणी सुरतेला आहे, कोणी नाशिकला कंपनीत, दोघीतिघींची लग्नं झाली. ते सगळे रोज सकाळी आपल्या मैदानावर गातात आणि समोर उभी असलेली पोरं शांतपणे ऐकतात. फार शिस्तीत ऐकतात. तपासणीला आलेले साहेब खूश होऊन गेले.

धुळ्याच्या दवाखान्यात मी आलो तो रविवार. तुझ्या नाकाला नळी होती. वहिनी खाली औषध आणायला गेल्या होत्या. तू मला हेच विचारलंस. "परिपाठाला पोरं म्हणतात ना?"

दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता. मी म्हटलं, "नाही म्हणत."

"रोज ऐकतात तरी?"

"रोज ऐकतात. हात जोडून ऐकतात."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. मग म्हणालास, "कोणीतरी सुरू करावं लागतं रे. माणसानं. सुरू केलं की पोरं उचलतात."

"कोण करणार?"

"तू कर."

मी हसलो. मी, प्रभाकर? एकच सूर, तोही शेजाऱ्याकडून उसना घेणारा? तू म्हणालास, "म्हणूनच. तू म्हणशील, तुला हसतील. हसायला तोंड उघडावं लागतं. एकदा उघडलं की गातात. मी हेच केलंय सगळीकडे." तुला धाप लागली. नर्स आली आणि मला बाहेर काढलं. दारातून मी म्हटलं, पुढच्या रविवारी येतो, मग याच्यावर बोलू. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. माझ्याकडे मुद्दे तयार होते, बसमध्ये येताना मी ते मनात लावतही होतो. पुढच्या रविवारपर्यंत तू थांबला नाहीस.

तुझी शोकसभा शाळेनं परिपाठातच घेतली. वेगळा वेळ नव्हता, चाचण्या चालू आहेत. मला बोलायला सांगितलं. फोटोला हार घातला, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून झालं. त्या दिवशी गावात सकाळपासून लाईट नव्हती, म्हणून माईकही नव्हता. मी बोललो काही नाही. मी सांगितलं, सरांनी चाल लावलेली प्रार्थना आज आपण आपल्या तोंडानं म्हणायची. सगळ्यांनी हात जोडले. मी वाट पाहिली. तेही वाट पाहत होते.

मग मी सुरू केलं.

तुझ्या भाषेत सांगतो, काळी-पांढरी कुठलीच पट्टी नव्हती. पहिली ओळ मी खाली धरली आणि दुसरीला आवाज वर फाटला. आठवीतल्या पोराचा फाटतो तसा, या वयात. मी मुद्दाम थांबलो. आता हसतील, म्हटलं. माझं लक्ष मागे उभ्या असलेल्या नववीच्या मुलांकडे होतं, कारण हसू तिकडूनच येतं. प्रभाकर, ते हसले नाहीत. एकही पोरगं हसलं नाही. मी तिसरी ओळ म्हटली, चौथी म्हटली. त्यांनी हात जोडलेले, डोळे मिटलेले, पाठी सरळ. जसं रोज ऐकतात तसंच त्यांनी मला ऐकून घेतलं. मी पूर्ण प्रार्थना एकट्यानं म्हटली, आयुष्यात पहिल्यांदा, इतक्या लोकांसमोर. संपल्यावर त्यांनी रोजच्यासारखे हात सोडले आणि खेळाच्या सरांनी 'विश्राम' म्हटल्यावर पाय फाकवून उभे राहिले.

तेव्हा भांडण मी जिंकलो. पोरं उचलत नाहीत. शिकवलं नाही तर हसायचंही विसरतात. तू ज्याला आतून असतं म्हणायचास ते शाळेत एका माणसाच्या रोजच्या येण्यावर उभं होतं, आणि तो माणूस तूच होतास, आणि तुझ्यामागे कोणी नाही. येत्या उन्हाळ्यात मीही सुटतो. मग इथे मुलं गायची हे सांगणारं शाळेत कोणी उरणार नाही. तू असतास तर मी तुला हे सगळं ऐकवलं असतं, मुद्द्याला मुद्दा लावून, आणि तू काहीतरी भलतंच बोलून मला गप्प केलं असतंस. मला गप्प व्हायचं होतं रे. एवढी एकच वेळ मला हरायचं होतं.

रांगा वर्गांकडे निघाल्या. मी फोटोजवळच उभा होतो. सहावीतली एक मुलगी, दोन वेण्या, रांग सोडून माझ्याजवळ आली. माझा चेहरा तिनं पाहिला असावा. आपल्या घरातल्या म्हाताऱ्याची समजूत काढावी तशी हळू आवाजात म्हणाली, "सर, लाईट उनी का रेकॉर्डिंग लाई देसूत आम्ही."

मी म्हटलं, बरं.